स्पॅम कॉलमुळे नंबर बदलायचा? आधी आठ दिवस वही ठेवा

दुपारी जेवायला बसावं तर लोनवाल्याचा फोन, चार वाजता प्लॉटवाला, सातच्या सुमारास क्रेडिट कार्ड. दिवसाला दहा-बारा असे कॉल यायला लागले की "हा नंबरच बंद करून टाकू" असं कुणालाही वाटतं. तसं करायला हरकत नाही, पण आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: हे सगळे कॉल एकाच कारणानं येत नाहीत. काही तुमच्या नावामागे लागलेले असतात, म्हणजे कुठल्यातरी यादीत तुमचं नाव आणि नंबर शेजारीशेजारी लिहिलेले आहेत. काही नंबरामागे असतात. तो नंबर पूर्वी ज्याच्याकडे होता त्याला ते शोधत असतात. आणि काही कुणाच्याच मागे नसतात. यंत्र ओळीनं आकडे फिरवत जातं, त्यात तुमचाही लागतो.

नवा नंबर घेतला की पहिल्या प्रकारचे कॉल काही महिने थांबतात आणि तुम्ही नवा नंबर त्याच ठिकाणी दिलात की परत येतात. दुसऱ्या प्रकारचे कायमचे थांबतात, नव्या नंबरालाही तसा जुना मालक निघाला नाही तर. तिसऱ्या प्रकारच्या कॉलना जुना नंबर काय नि नवा काय, दोन्ही सारखेच. म्हणून आधी मोजायचं, मग ठरवायचं.

आठ दिवसांची वही

साधी वही पुरते. प्रत्येक नको असलेल्या कॉलची एक ओळ लिहायची: दिवस आणि वेळ, नंबर कशानं सुरू होतो, कोणत्या सिमवर आला, समोरच्यानं तुमचं नाव घेतलं का, आणि काय विकत होता. उदाहरणार्थ, "मंगळवार, ११.४०, १४०ने सुरू, सिम १, नाव घेतलं नाही, रेकॉर्डिंग, प्लॉट". किंवा "बुधवार, ४.१५, साधा दहा आकडी, सिम १, पूर्ण नाव घेतलं, पर्सनल लोन". आठ दिवसांत ऐंशी-नव्वद ओळी झाल्या की चित्र आपोआप दिसतं. नाव घेतलं की नाही, हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यासाठी निदान काही कॉल उचलून पाच सेकंद ऐकावं लागतं. "हॅलो" म्हणून गप्प राहायचं, आपलं नाव स्वतःहून सांगायचं नाही, "नको असल्यास ९ दाबा" असं सांगितलं तरी काहीही दाबायचं नाही. दाबलेलं बटण एवढंच कळवतं की या नंबरवर जिवंत माणूस बसलेला आहे.

आता वही वाचायची कशी. १४०ने सुरू होणारे कॉल नोंदणीकृत जाहिरातदारांचे. यांना नियम लागू आहेत आणि यांच्यावर डीएनडी, म्हणजे "जाहिरातीचे कॉल नकोत" अशी मोबाइल कंपनीकडे केलेली नोंद, चालतं. १६००ने सुरू होणारी मालिका जाहिरातींसाठी नाही. ती बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड आणि सरकारी खाती यांच्या सेवेच्या कॉलसाठी राखलेली आहे. हा कॉल घाईघाईनं ब्लॉक करू नका. खरा त्रास असतो साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येणाऱ्या विक्रीच्या कॉलचा. असा नंबर वापरून टेलिमार्केटिंग करायला परवानगीच नाही, त्यामुळे इथं डीएनडीपेक्षा तक्रार जास्त कामाची. त्यातला फोन करणारा पूर्ण नाव घेत असेल तर यादी फुटलेली आहे. "सर", "मॅडम" एवढंच म्हणत असेल आणि आवाज रेकॉर्ड केलेला असेल तर यंत्र आकडे फिरवतंय.

तुमच्या वहीत एकच वेगळं नाव पुन्हा पुन्हा येत असेल, "अमुकजी आहेत का, हप्ता थकलाय", तर तो नंबरामागचा कॉल. आणि दोन-चार दिवस ओटीपीचे मेसेज पावसासारखे पडत असतील, दहा कंपन्यांचे, मध्यरात्रीसुद्धा, तर कुणीतरी खोडसाळपणे तुमचा नंबर ओटीपी मागणाऱ्या फॉर्ममध्ये भरत आहे. हे बहुतेकदा काही दिवसांत थंडावतं. त्यासाठी नंबर बदलू नका. एकही ओटीपी कुणाला सांगू नका, एवढं पुरे.

मधला महिना: आधी हे करून बघा

वही झाली की तीस दिवस खालची कामं करायची आणि मग पुन्हा आठ दिवस मोजायचं. कॉल निम्म्यावर आले तर नंबर बदलण्याचा खटाटोप परवडत नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम डीएनडीचं. १९०९ वर रोमन अक्षरांत स्टार्ट, मग एक जागा सोडून शून्य, असा एसएमएस पाठवा. सगळ्या जाहिराती बंद होतात. काहीच वर्ग बंद करायचे असतील तर तेही करता येतं: १ म्हणजे बँक-विमा-क्रेडिट कार्ड, २ म्हणजे जागा-घरं, ३ शिक्षण, ४ आरोग्य, असे वर्ग आहेत. बारावीचा निकाल लागला की ज्यांच्या घरी कॉलेजांचे फोन सुरू होतात त्यांनी ३ जरूर बंद करावं. एसएमएस फुकट जातो, १९०९ वर फोन करूनही नोंद होते, कंपनीच्या ॲपमध्येही डीएनडीचं पान असतं. परिणाम दिसायला आठवडाभर धरून चाला. नोंदणीचा मेसेज जपून ठेवा. नंबर एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट केला असेल तर नव्या कंपनीच्या ॲपमध्ये ही नोंद पुन्हा तपासा. पोर्टचा विषय निघालाच आहे म्हणून: पोर्ट केल्यानं स्पॅम थांबत नाही. नंबर तोच राहतो, याद्याही त्याच राहतात. फरक पडला तर एवढाच, की काही कंपन्यांचं नेटवर्क संशयास्पद कॉलवर "स्पॅम" असा इशारा जास्त चांगला दाखवतं.

डीएनडी लावूनही तुमच्या स्वतःच्या बँकेचे कॉल येत राहतात, कारण तुम्ही तिचे ग्राहक आहात आणि खातं उघडताना कुठल्यातरी चौकटीत संमतीची खूण केलेली असते. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये "डू नॉट कॉल" असा वेगळा पर्याय शोधा, नाहीतर शाखेत लेखी द्या. प्रत्येक बँकेसाठी वेगळं करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण लोनचे बरेच कॉल इथंच थांबतात.

दुसरं काम तक्रारीचं, आणि इथं बहुतेक लोक चुकतात. फोनमध्ये नंबर ब्लॉक केला की फक्त तुमचा फोन वाजायचा थांबतो. तो माणूस दुसऱ्या सिमवरून लागतो आणि बाकीच्यांना त्रास देतच राहतो. नंबर तुटतो तो तक्रारीनं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम बदलले. आता कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करता येते (आधी तीन दिवस होते), साध्या नंबरवरून आलेल्या कॉलची तक्रार करायला आधी डीएनडी नोंदवलेलं असण्याची अट नाही, आणि दहा दिवसांत एकाच नंबराविरुद्ध पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर सगळ्या कंपन्यांमधली त्याची सगळी कनेक्शनं वर्षभरासाठी बंद. म्हणजे तुमची एक तक्रार वाया जात नाही, ती पाचातली एक असते. घरातल्या, सोसायटीतल्या, ऑफिसातल्या चौघांना एकाच प्लॉटवाल्याचा फोन आला असेल तर चौघांनीही करा.

तक्रार १९०९ वर एसएमएसनं जाते: कॉल कशाचा होता ते थोडक्यात, स्वल्पविराम, ज्या नंबरवरून आला तो, स्वल्पविराम, तारीख. ट्रायच्या डीएनडी ॲपमधून कॉल लॉग निवडून करणं जास्त सोपं. ती फेटाळली जाण्याची कारणं ठरलेली आहेत. दोन सिमच्या फोनमध्ये कॉल सिम १ वर आला आणि तक्रार सिम २ वरून गेली, तर कंपनीला तिच्या नोंदींत असा कॉल सापडतच नाही. तारीख चुकली, किंवा आठवा दिवस उजाडला, तरी तेच. आणि व्हॉट्सॲपवरचा कॉल मोबाइल कंपनीच्या नोंदीत नसतोच, त्यामुळे त्यासाठी १९०९ चा उपयोग नाही. तिथं व्हॉट्सॲपमध्येच ब्लॉक आणि रिपोर्ट दोन्ही करायचं.

फसवणुकीचा वास असलेला कॉल, म्हणजे केवायसी संपलं, वीज आज रात्री तुटेल, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, "दोन तासांत ट्राय तुमचा नंबर बंद करणार", तो संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच्या "चक्षू" विभागात नोंदवा. कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप तिन्ही चालतात. ट्राय कुणालाही फोन करून नंबर बंद करण्याची धमकी देत नाही. पैसे गेलेच असतील तर चक्षू नव्हे, तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तिथं प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

तिसरं काम फोनच्या सेटिंगचं. अँड्रॉइडच्या फोन ॲपमध्ये कॉलर आयडी आणि स्पॅम असा विभाग असतो, त्यात स्पॅम कॉल गाळण्याचा पर्याय चालू करा. आयफोनमध्ये अनोळखी नंबर शांत ठेवण्याची सोय आहे. व्हॉट्सॲपमध्येही प्रायव्हसी, मग कॉल्स, इथं तशीच सोय मिळते. पण सरसकट शांत ठेवलं की कुरिअरवाला, शाळेची बस, लॅबचा रिपोर्ट, गॅसचा माणूस, हे सगळेच हरवतात. त्यावर उपाय आहे: फोनच्या सेटिंगमधल्या "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये (हे १९०९ चं डीएनडी नव्हे) फक्त ओळखीच्यांचे कॉल वाजू द्या आणि शेजारचा "पुन्हा कॉल करणाऱ्यांना परवानगी" हा पर्यायही चालू ठेवा. अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो. खरं काम असलेला माणूस दोनदा करतो, यंत्र सहसा करत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा नंबर तर शक्यतो बदलूच नका. तो नंबर त्यांना तोंडपाठ असतो, गावाकडच्या सगळ्यांकडे तोच असतो, पेन्शनचं खातं त्याच्यावर असतं. त्यांच्या फोनला ही सेटिंग लावा आणि शाळा-दवाखाना-रिक्षावाला सगळे नंबर नावानिशी सेव्ह करून द्या. अर्धा तास लागतो.

गळती कुठून होते

महिनाभर उपाय करताना नवीन गळती बंद केली नाही तर आकडा हलत नाही. कर्जाचा व्याजदर "तुलना करा" म्हणणाऱ्या साइटवर एकदा नंबर टाकला की तो एकाच वेळी अनेक एजंटांकडे जातो. घर भाड्यानं किंवा विकत बघण्याच्या साइटचं तसंच. मॉलमधली लकी ड्रॉची कुपनं, प्रदर्शनातली "नाव-नंबर लिहा" वही, हीसुद्धा यादीच. नवी जीएसटी किंवा उद्यम नोंदणी केलेल्यांना पुढच्याच आठवड्यात "बिझनेस लोन हवंय का" सुरू होतं. व्यवसायासाठी म्हणूनच वेगळा नंबर आधी घ्यावा, मग नोंदणी करावी.

दुकानात बिल करताना नंबर मागतात तेव्हा नाही म्हणता येतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं किरकोळ दुकानदारांना बजावलं आहे की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका. "नंबर देत नाही, कागदी बिल द्या" हे वाक्य शांतपणे म्हणायचं. सिस्टिम पुढं जात नाही असं सांगितलं तर तो दुकानाचा प्रश्न आहे, आपला नव्हे.

इथंच आम्हाला सगळ्यात जास्त पटणारा मधला मार्ग येतो: नंबर न बदलता दुसरा घेणं. जुना नंबर बँक, आधार आणि माणसांसाठी. दुसरा फॉर्म, दुकानं, साइट, प्रदर्शनं यांच्यासाठी. त्याची रिंग कायम बंद. जुन्या याद्या जुन्या नंबरवर काही महिने वाजत राहतील, पण त्यात नवी भर पडणार नाही. उलट केलं, म्हणजे जुना नंबर दुकानांसाठी ठेवून बँक नव्यावर नेली, तर कामं सगळी करावी लागतात आणि माणसं जुन्याच नंबरवर फोन करत राहतात.

मग बदलायचा कधी

नंबर घेऊन सहा महिनेही झाले नाहीत आणि वहीतले बहुतेक कॉल आधीच्या मालकाचे आहेत, तर बदला. तुमच्या मागं अजून फारसं काही जोडलेलं नाही, आणि चूक नंबराचीच आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, त्यामुळे आधीच्या माणसाचं थकलेलं कर्ज तुमच्या दारात येतं. बदलायचा नसेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे, मी कर्जदार नाही, सोबत सिमचा पुरावा. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीचा कॉल आला असेल तर तेही वेळेसह लिहा. रिझर्व्ह बँकेनं त्या वेळेत वसुलीचे फोन करायला ऑगस्ट २०२२ मध्येच मनाई केली आहे.

एखादी ओळखीची किंवा अनोळखी व्यक्ती ठरवून छळत असेल, वेगवेगळ्या नंबरवरून, तर बदलणं योग्य, पण क्रम महत्त्वाचा. आधी स्क्रीनशॉट, कॉल लॉग, रेकॉर्डिंग जपा. पोलिसांत तक्रार द्या (स्त्रीचा असा पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये गुन्हा आहे). आणि जुनं सिम बंद करू नका, दुसऱ्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवा. सिम गेलं की पुरावाही विरळ होतो. तुमचा नंबर कुणी घाणेरड्या जाहिरातीत टाकला असेल तर तेही याच वर्गात.

तिसरी माणसं म्हणजे तरुण पोरं, ज्यांच्या नंबरावर एक बँक खातं आणि चार ॲप एवढंच आहे. त्यांना एका रविवारात काम उरकता येतं. बाकी, ज्यांच्या नंबरावर दोन बँका, डीमॅट, पीएफ, विमा, गाडी आणि शाळा आहे त्यांनी दोन-तीन आठवड्यांत पसरलेलं काम गृहीत धरावं. आणि दुकानाच्या पाटीवर, रबर स्टॅम्पवर, गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जो नंबर आहे तो बदलूच नये.

नवा नंबर पारखून घ्या

दुकानदार तीन-चार नंबर पुढं ठेवतो. पैसे देण्याआधी प्रत्येक नंबर तिथंच उभ्या उभ्या तपासा. तो फोनमध्ये सेव्ह करून व्हॉट्सॲप उघडा: कुणाचा फोटो दिसतोय का? यूपीआय ॲपमध्ये "नंबरला पैसे पाठवा" इथं टाका: कुणाचं नाव उमटतंय का? कॉलर आयडीच्या ॲपमध्ये शोधा: "अमुक रिकव्हरी", "डोन्ट पिक" असलं काही दिसतंय का? दोन मिनिटांचं काम आहे. यांतलं एकही होय असेल तर तो नंबर परत द्या, दुसरा मागा. ९८ने सुरू होणारा किंवा लक्षात राहणारा सोपा नंबर आज दुकानात मिळत असेल तर तो आधी कुणीतरी वापरलेला असणार, हे गृहीत धरा. ओळीनं येणारे आकडे तर टाळाच, त्यांवर चुकीचे कॉल भरपूर येतात.

तरीही सिम सुरू झाल्यावर पंधरा दिवस तो नंबर कुणालाही देऊ नका. नुसता चालू ठेवा आणि वही लिहा. या काळात तुम्ही कुणालाच नंबर दिलेला नाही, म्हणजे जे येईल ते सगळं आधीच्या मालकाचं किंवा यंत्राचं. फारच येत असेल तर बँका बदलायच्या आधीच कळलं, सिम बदलून घ्या.

बदलायचा क्रम

जुनं सिम चालू असताना सगळं करायचं, हा पहिला आणि न मोडायचा नियम. कारण जवळपास प्रत्येक ठिकाणी नवा नंबर घालायला जुन्यावर ओटीपी येतो.

आधी आधार. आयकर विवरणाची पडताळणी, पीएफ, डिजिलॉकर, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, आयआरसीटीसीवरचं तत्काळ तिकीट, या सगळ्यांचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. आधार केंद्रात बोटांचे ठसे घेऊन नंबर बदलतात, कागदपत्रं लागत नाहीत. केंद्रात हे करायला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये शुल्क आहे. पोस्टाचे कर्मचारीही हे करून देतात, अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी ती सोय फार मोलाची आहे. पावती ठेवा, नोंद चढायला काही दिवस जातात, तोवर बाकीच्या आधारवरच्या कामांना हात लावू नका.

मग मुख्य बँक. शाखेत पासबुक आणि ओळखपत्र घेऊन गेलं की अर्ज एकच असतो, पण "खात्याला" नंबर लागला म्हणजे नेट बँकिंग, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड या तिन्हींनाही लागला असं नाही. चारही ठिकाणी लागल्याचं विचारून घ्या, आणि एक रुपयाचा व्यवहार करून मेसेज कोणत्या नंबरवर येतो ते बघा. बँकेत नंबर बदलला की यूपीआय बंद पडतं, कारण यूपीआय त्या सिममधून गेलेल्या मेसेजवरच चालतं. म्हणून शाखेत जाण्यापूर्वी यूपीआय लाइटमधली शिल्लक खात्यात परत घ्या, ऑटोपेची यादी लिहून काढा, आणि त्या दिवसापुरते खिशात रोख पैसे ठेवा. नव्या सिमवर यूपीआय पुन्हा जोडल्यावर पहिल्या चोवीस तासांत पाठवण्याची मर्यादा कमी असते. त्याच दिवशी कुणाची फी भरायची असेल तर आदल्या दिवशी भरून टाका.

त्यानंतर ईमेल. गूगलमध्ये रिकव्हरीचा नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस कोड जुन्या नंबरवर जाऊ शकतो. बाकी डीमॅट, पीएफ, आयकर पोर्टल, विमा, फास्टॅग, गाडीच्या आरसीला जोडलेला नंबर (नाहीतर ई-चलन आलेलं कळणारच नाही), गॅस एजन्सी, वीज, शाळा. गॅसचं विसरू नका. सिलिंडर देताना मागतात तो कोड नोंदवलेल्या नंबरवरच येतो.

व्हॉट्सॲप शेवटी. सेटिंग्ज, अकाउंट, चेंज नंबर. नवं व्हॉट्सॲप सरळ नव्या नंबरवर सुरू करू नका, तसं केलं तर सगळ्या ग्रुपमधून तुटता. चेंज नंबरनं ग्रुप आणि त्याच फोनमधले चॅट तसेच राहतात, आणि कोणाला कळवायचं ते निवडता येतं. "सगळ्या कॉन्टॅक्टना" निवडू नका. त्यात तो प्लॉटवालाही असतो. लगेच टू-स्टेप पिन लावा.

परदेशात असाल तर

दुबईत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत एक भारतीय सिम फक्त ओटीपीसाठी जिवंत ठेवलेलं असतं आणि इथल्या सकाळचे स्पॅम कॉल तिकडं झोपेत वाजतात. तो नंबर तिकडून बदलण्याचा विचार सोडा; आधार केंद्रात जायचं तर विमानाचं तिकीट लागतं. त्या सिमची रिंग बंद ठेवा, एसएमएस चालू ठेवा, रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये लावा. अनेक बँका एनआरई-एनआरओ खात्याला (अनिवासी भारतीयांच्या खात्याला) परदेशी नंबर लावून देतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांच्या नंबरवर यूपीआय चालवायला २०२३ पासून मुभा आहे. तुमच्या बँकेनं ती सोय सुरू केली आहे का ते विचारा.

जुना नंबर सोडताना

निदान एक वर्ष जुनं सिम जिवंत ठेवा. वर्षातून एकदाच हाक मारणारी कामं बरीच असतात: गाडीचा विमा, मालमत्ता कर, आयकर, एलआयसीचा हप्ता. बारा महिने गेले की यातलं प्रत्येक एकदा येऊन गेलेलं असतं. डेटाची गरज नाही. २०२५ च्या सुरुवातीपासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावे लागतात. खासगी कंपन्यांत वर्षाला साधारण १,७०० ते १,९०० रुपये धरा. महिन्यातून एकदा ते सिम उघडून मेसेज वाचा आणि जो मेसेज अजून तिथं येतो त्या संस्थेत जाऊन नंबर बदला. ही यादी महिन्यागणिक लहान होत जाते. वर्ष उलटलं आणि सलग दोन महिने कामाचा एकही मेसेज आला नाही की तो नंबर सोडायला तयार आहे.

सोडण्यापूर्वी टेलिग्राम, इन्स्टाग्राम, शॉपिंगची ॲप, जुने ईमेल यांतून तो नंबर काढा. वॉलेटमध्ये पैसे असतील तर बाहेर घ्या. वॉलेटचं खातं म्हणजे तो नंबरच असतो. मग नुसतं रिचार्ज थांबवू नका, कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर बंद करण्याचा अर्ज द्या. ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ शकतो, आणि ज्या खात्यात तो राहून गेला त्याचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर पडेल.

महिनाभरानं संचार साथीवर "माझ्या नावावर किती कनेक्शन" हे पान नव्या नंबरच्या ओटीपीनं उघडा. जुना नंबर तिथं अजून दिसत असेल तर त्याच्यासमोर "आता गरज नाही" ही खूण करा आणि मिळालेला संदर्भ क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.